हॉटेलसारख्या भाजीचे मसाले घरी: काय भाजायचं, किती घ्यायचं आणि कढईत कधी घालायचं

पनीर बटर मसाला किंवा व्हेज कोल्हापुरी घरी केली की बहुतेकांची तक्रार एकच असते: सगळं घातलं, पण हॉटेलची चव आली नाही. मग पुढच्या वेळी मसाला दुप्पट पडतो. भाजी तिखट होते, काळपट होते, जिभेवर मसाल्याची भुकटी लागते, आणि हॉटेलची चव तरीही लांबच राहते.

एका ढाब्यावर उभं राहून स्वयंपाक बघायची संधी मिळाली तेव्हा याचं कारण मला कळलं. आचाऱ्याने एका कढईत तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळे मसाले घातले. पहिला कांद्यात, पाण्याचा हबका मारून. दुसरा भाजी उतरवताना, अगदी चिमूटभर. तिसरा तळहातावर चुरून, गॅस बंद करता करता. आपण घरी एकाच पाकिटातला एकच मसाला एकाच वेळी घालतो, तिथेच फरक पडतो. म्हणून या लेखात मसाल्यांच्या प्रमाणाइतकाच भर ते कढईत कधी घालायचे यावर आहे.

आपण हॉटेलात ज्याला ‘पंजाबी भाजी’ म्हणतो ती चव १९४७ च्या फाळणीनंतर दिल्लीत मोती महलसारख्या हॉटेलांतून रुजली आणि देशभर पसरली. टोमॅटो, लोणी, काजू, कसुरी मेथी हा तिचा पाया. आपला गोडा मसाला तिथे चालत नाही. तो उत्तमच आहे, पण त्यातलं खोबरं, तीळ आणि दगडफूल लगेच पुढे येतं आणि ग्रेव्ही आमटीकडे झुकते. तेव्हा या भाज्यांसाठी वेगळे डबे करायचे.

खरेदी

अर्धं काम दुकानातच होतं. पुड्या घेऊ नका, खडा मसाला घ्या, आणि शक्य असेल तिथे एखादा दाणा हातात घेऊन पाहा.

लवंग नखाने दाबली की किंचित तेल सुटलं पाहिजे आणि टोकावरची गोल बोंडी शाबूत असली पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग कोरडी, हलकी आणि निस्तेज असते. हिरवी वेलची सोलून पाहा: दाणे काळे आणि चिकट असतील तर ताजी, फिकट तपकिरी आणि सुटे कोरडे असतील तर जुनी. मसाला वेलचीला धुराचा वास हवाच, कारण ती धुरावरच वाळवलेली असते. हॉटेलच्या ग्रेव्हीत जो खोल, किंचित धुरकट वास येतो त्यात तिचा मोठा वाटा आहे. तमालपत्र घेताना पानावर देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात का ते बघा. मिऱ्यात कधी कधी पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात. थोडे दाणे पाण्यात टाका, चांगलं मिरं बुडतं आणि पपईची बी तरंगते.

मिरची हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी हे या मिरचीचं गाव, तिला भौगोलिक मानांकनही आहे. चांगली बेडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि लांबट असते. हॉटेलची लाल तर्री बघून आपल्याला वाटतं की खूप तिखट घातलंय, पण तो रंग कमी तिखट मिरचीचा असतो. ग्रेव्हीच्या मसाल्यात मी फक्त बेडगीच घेते. तिखटपणा नंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिथल्या दुकानात ‘बे लीफ’ म्हणून मिळणारं पान आपलं तमालपत्र नव्हे, त्याचा वास वेगळा असतो, त्यामुळे भारतीय किराणा दुकानातूनच घ्या. आणि अमेरिकेत ‘चिली पावडर’ या नावाने मिळणाऱ्या पुडीत बहुधा जिरं, लसूण, ओरेगानो मिसळलेलं असतं. ती इथे उपयोगाची नाही. बेडगी मिळाली नाही तर गोड पाप्रिका घ्या आणि तिखटपणासाठी थोडं साधं लाल तिखट घाला.

आणखी एक: वजनाचा छोटा डिजिटल काटा घ्या. चमचाभर धणे आणि चमचाभर लवंग यांचं वजन सारखं नसतं, आणि लवंग दोन ग्रॅमनेही जास्त झाली तर सगळा डबा तिचाच होतो.

भाजणं

आधी निवडा. धण्यात खडे आणि काड्या असतात, मिरचीचे देठ काढायचे असतात. मग सगळं दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर भाजण्याची वेळ थोडी वाढवा, कारण दमट मसाला मिक्सरमध्ये बारीक होत नाही, चामट राहतो.

एकदा घाईत मी सगळा खडा मसाला एकाच कढईत ओतला. धणे रंग बदलायच्या आत जिरं काळं पडलं आणि मेथी दाणे जळले. सगळा मसाला कडू झाला आणि महागाची वेलचीही त्यात गेली. तेव्हापासून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते. जाड बुडाची कढई, मंद आच, हात सतत हलता, आणि भाजलेला जिन्नस लगेच ताटात काढायचा. कढईतच ठेवला तर तिच्या उष्णतेवर तो पुढे भाजतच राहतो.

धणे चार-पाच मिनिटं: तडतड आवाज सुरू होतो, रंग एक छटा गडद होतो आणि खमंग वास येतो. जिरं दोन मिनिटांत होतं. हरभरा डाळ सावकाश, लालसर होईपर्यंत. मेथी दाणे किंचित गुलाबी झाले की काढा, लाल झाले की कडवट. बडीशेप, मिरं, लवंग, दालचिनी, मसाला वेलची फक्त कडक गरम करायची, दीड-दोन मिनिटं. तमालपत्र बोटांत मोडलं की चुरा झाला पाहिजे. मिरची सगळ्यांत शेवटी: गॅस बंद करून तापलेल्या कढईत परतायची, तेवढी उष्णता तिला पुरते. ठसका उठला तर समजा आच जास्त झाली.

हिरवी वेलची, जायफळ, जायपत्री भाजायची नाही. यांचं सुगंधी तेल पटकन उडून जातं. भाजताना स्वयंपाकघर घमघमलं तर तो वास डब्यातून कमी झाला असं समजायचं. ही तिन्ही जिन्नसं नुसती कढईच्या उरलेल्या उबेत मिनिटभर ठेवायची, दळताना कुरकुरीत राहण्यापुरती.

पहिला डबा: ग्रेव्हीचा मसाला

किचन किंग या नावाने बाजारात जो मसाला मिळतो त्याच्या जवळ जाणारा, पण कमी तीव्र. साधारण २०० ग्रॅम होतो.

धणे ८० ग्रॅम
बेडगी मिरची (देठ काढून) ४० ग्रॅम
जिरं २५ ग्रॅम
हळद पूड १० ग्रॅम
बडीशेप १० ग्रॅम
हरभरा डाळ १० ग्रॅम
मिरं ८ ग्रॅम
सुंठ पूड ५ ग्रॅम
मसाला वेलची ४ ग्रॅम
दालचिनी ४ ग्रॅम
लवंग ३ ग्रॅम
मेथी दाणे २ ग्रॅम
तमालपत्र २ ग्रॅम

डाळ बघून काहींना आश्चर्य वाटेल. ती ग्रेव्हीला किंचित दाटपणा देते, त्यामुळे मसाला तळाशी वेगळा पडत नाही. आमचूर मी मुद्दाम घातलेलं नाही, टोमॅटोचा आंबटपणा असतोच. चार माणसांच्या भाजीला या मसाल्याचे दोन छोटे चमचे पुरतात.

दुसरा डबा: शेवटी घालायचा गरम मसाला

हा थोडाच करायचा, साधारण ५० ग्रॅम. महाग आहे म्हणून नव्हे, सुगंध टिकत नाही म्हणून.

हिरवी वेलची सालीसकट १२ ग्रॅम
दालचिनी ८ ग्रॅम
शहाजिरं ८ ग्रॅम
मिरं ६ ग्रॅम
लवंग ५ ग्रॅम
मसाला वेलची ५ ग्रॅम
जायपत्री ३ ग्रॅम
जायफळ २ ग्रॅम (साधारण अर्धं, किसून)
तमालपत्र २ ग्रॅम
चक्रीफूल १ ग्रॅम (एक फूल)

यात धणे नाहीत, मिरची नाही, हळद नाही. बाजारातल्या अनेक गरम मसाल्यांत धण्यांचा भर असतो, म्हणून तो चमचाभर घालावा लागतो. हा पाव ते अर्धा छोटा चमचा पुरतो. चक्रीफूल एकाच्या वर नको: दोन झाली की भाजीला बडीशेपेसारखा गोडसर वास येतो आणि बाकी काही कळत नाही. शहाजिरं नसेल तर साधं जिरं घेऊ नका, ते सोडूनच द्या. दोन्हींचा वास वेगळा आहे.

तिसरा: मेथी-वेलचीची भुकटी

हा डबाही नव्हे, एक छोटी बाटली. कसुरी मेथीचं नाव आज पाकिस्तानातल्या पंजाबात असलेल्या कसूर गावावरून आलं, आपल्याकडे ती मोठ्या प्रमाणात राजस्थानातल्या नागौर भागातून येते. १० ग्रॅम कसुरी मेथी गरम पण गॅस बंद केलेल्या तव्यावर अर्धा मिनिट ठेवा. पानं कुरकुरीत झाली की तळहातांत चुरा, काड्या काढून टाका, आणि त्यात दोन ग्रॅम वेलचीदाणे कुटून मिसळा. मखनी ग्रेव्हीत उतरवताना अर्धा छोटा चमचा. हॉटेलची प्लेट समोर आली की जो पहिला वास येतो तो बहुतेक वेळा हाच असतो.

मेथी न तापवता थेट चुरली तर ती भाजीत पानासारखी तरंगते आणि दातात येते. ते अर्धं मिनिट वाचवू नका.

चौथा, आपला: कोल्हापुरी

मेन्यूकार्डावरची व्हेज कोल्हापुरी आणि कोल्हापुरातल्या घरचं जेवण यांत अंतर आहे. कोल्हापूर-सातारा भागात घरोघरी उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला होतो, त्याला तिथे सरळ ‘चटणी’ म्हणतात. तो मोठा घाट आहे आणि त्याचा स्वतंत्र लेख व्हावा. हॉटेलच्या भाजीसाठी मात्र हा कोरडा मसाला चालतो:

सुकं खोबरं ३० ग्रॅम, धणे २० ग्रॅम, बेडगी २० ग्रॅम, तीळ १५ ग्रॅम, संकेश्वरी किंवा लवंगी १० ग्रॅम, खसखस १० ग्रॅम, जिरं ८ ग्रॅम, मिरं ४ ग्रॅम, दालचिनी ३ ग्रॅम, लवंग २ ग्रॅम, मसाला वेलची २ ग्रॅम, दगडफूल २ ग्रॅम, जायपत्री १ ग्रॅम, चक्रीफूल १ ग्रॅम.

खोबरं किसून खरपूस तांबूस भाजा. इथे थोडं पुढे गेलेलं चालतं, पण काळं नको. दगडफूल आधी निवडून झटकून घ्या, त्यात माती आणि सालीचे तुकडे असतात. दळताना खोबरं, तीळ, खसखस बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि भुकटीऐवजी लगदा होतो. मग सगळं एकत्र करून एकदाच फिरवा. खोबऱ्यामुळे हा मसाला खवट होतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

दळणं आणि भरणं

भाजलेलं सगळं पूर्ण गार होऊ द्या. हाताला गार लागल्यावरही आणखी दहा मिनिटं थांबा, कारण ढिगाच्या मधोमध ऊब राहते. कोमट मसाला दळला तर वाफ धरतो आणि भांड्याच्या तळाशी चिकटतो.

दालचिनी, जायफळ आणि मसाला वेलची आधी खलबत्त्यात ठेचून घ्या, नाहीतर मिक्सरचं पातं अडखळतं. मग दहा-पंधरा सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांड्याला हात लावून बघायचा. कोमट झालं असेल तर दोन मिनिटं झाकण उघडं ठेवा. डंक्यावर कांडलेल्या मसाल्याची चव वेगळी लागते असं आपण म्हणतो, त्यात हेही एक कारण आहे: कुटताना तो मिक्सरइतका तापत नाही. पण डंक्यावर एवढं थोडं कुणी घेणार नाही, त्यामुळे मिक्सरच सांभाळून वापरायचा.

ग्रेव्हीचा मसाला बारीक चाळणीने चाळाच. धण्याचं टरफल राहिलं तर ग्रेव्ही वाळूसारखी कचकचते, हॉटेलच्या ग्रेव्हीचा गुळगुळीतपणा येत नाही. वर राहिलेलं परत एकदा फिरवा. तरीही उरेल ते रश्शाला पाणी तापवताना फडक्यात बांधून टाका, वाया जात नाही.

दळल्यावर पसरून अर्धा तास ठेवा, मग काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि बरणीवर तारीख लिहा. ग्रेव्हीचा मसाला तीन महिने, गरम मसाला दोन महिने चांगला राहतो. त्यानंतर तो बिघडत नाही, पण त्याचं काम करत नाही. उकळत्या कढईवर बरणी धरून मसाला झटकू नका. वाफ आत जाते आणि आठवड्यात गुठळ्या होतात. कोरड्या चमच्याने वाटीत काढा आणि वाटीतून घाला.

कढईत

आता चार जणांसाठी पनीर मसाला करून दाखवते, म्हणजे कोणता मसाला कुठे जातो ते कळेल.

तीन मोठे चमचे तेल आणि एक चमचा लोणी तापवा. त्यात एक तमालपत्र आणि दोन हिरव्या वेलच्या फोडून टाका. अडीचशे ग्रॅम कांदा अगदी बारीक चिरून घाला आणि मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं परता. इथे बहुतेकजण घाई करतात. कांदा गुलाबी झाला की आपण पुढे जातो, हॉटेलात तो तपकिरी होतो. कांद्याच्या कडा गडद व्हायला लागल्या की एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण घालून कच्चा वास जाईपर्यंत परता.

आच मंद करा. ग्रेव्हीच्या मसाल्याचे दोन छोटे चमचे एका वाटीत तीन मोठे चमचे पाण्यात कालवून घ्या आणि ते कालवण कांद्यात घाला. कोरडी भुकटी थेट तेलात पडली तर मिरची काही सेकंदांत जळते आणि तांबड्याऐवजी काळपट रंग येतो. पाणी असेपर्यंत मसाल्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, तो शिजतो, जळत नाही. दोन-तीन मिनिटांनी पाणी आटून कडेला लाल तेल सुटू लागेल. मिरचीचा आणि हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून हे तेल सुटेपर्यंत थांबायचं. तर्रीचा रंग इथेच ठरतो.

मग तीनशे ग्रॅम टोमॅटोची प्युरी आणि मीठ. पुन्हा तेल सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटं. वीस काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून गुळगुळीत वाटलेलं वाटण घाला, दोन मिनिटं सतत हलवा, काजू तळाला लागतो. दीड कप गरम पाणी घाला, गार नको. पाच मिनिटं मंद उकळी. चिमूटभर साखर टोमॅटोच्या आंबटपणासाठी.

अडीचशे ग्रॅम पनीर घाला, दोन मिनिटं ठेवा. आता गॅस अगदी बारीक करून गरम मसाल्याचा पाव ते अर्धा चमचा, दोन मोठे चमचे साय, आणि मेथी-वेलचीची भुकटी. एकदा हलवा, गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि पाच मिनिटं उघडू नका. गरम मसाला कांद्याबरोबर घातला असता तर या वीस-पंचवीस मिनिटांत वेलचीचा वास वाफेबरोबर निघून गेला असता. नेमका तोच वास झाकणाखाली पनीरमध्ये शिरतो.

हॉटेलात ग्रेव्ही सकाळी करून ठेवतात, भाजी ऑर्डर आल्यावर बनते. त्यामुळे मसाल्याला मुरायला कित्येक तास मिळतात. घरीही काजूच्या वाटणापर्यंतची ग्रेव्ही आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवली तर चव उघड सुधारते. पाहुणे येणार असतील तर मी हेच करते.

कोल्हापुरीसाठी तेल एक चमचा जास्त, काजू आणि साय नाही, ग्रेव्हीच्या मसाल्याऐवजी कोल्हापुरी मसाल्याचे तीन छोटे चमचे त्याच पद्धतीने पाण्यात कालवून. मेथीची भुकटी इथे घालू नका.

बिघडलं तर

भाजी कडवट लागली तर जिरं, मेथी किंवा मिरची जळलेली असते. साखर-साय घालून ते झाकत नाही, तो डबा टाकून द्यावा लागतो, हे मन घट्ट करून मान्य करा. गरम मसाल्यात लवंग पुढे आली असेल तर थोडी हिरवी वेलची आणि शहाजिरं जास्तीचं दळून मिसळा, सावरतं. भाजीला कच्च्या मसाल्याचा वास येत असेल तर मसाल्याचं प्रमाण ठीक आहे, तेल सुटायच्या आत टोमॅटो पडला. रंग फिका आला तर मिरची जुनी आहे, चमचे वाढवून उपयोग नाही.

चिकनला ग्रेव्हीच्या मसाल्याचा अर्धा चमचा जास्त घाला आणि तो दह्यात कालवून तुकड्यांना आधीच लावून ठेवा. दाल तडक्याला मात्र गरम मसाला नकोच. तिथे तुपातलं जिरं, लसूण आणि बेडगीचे दोन तुकडे पुरतात, उतरवताना मेथीची चिमूट.